आधी दुसरी गाडी ठरवा: माजी सैनिकांसोबत रानात मुक्कामाला जाताना

सगळ्यात आधी दुसरी गाडी ठरवा. तंबू, नकाशा, हवामान सगळं नंतर. मुक्कामाच्या जागेजवळ एक रिकामी गाडी उभी हवी आणि तिची किल्ली एका ठरलेल्या माणसाच्या खिशात हवी. त्या माणसाचं दोन दिवसांचं काम एवढंच: ज्याला जावंसं वाटेल त्याला, वाटेल त्या वेळी, एकही प्रश्न न विचारता घरी पोचवणं.

गेल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. आम्ही सात जण. एकच मोठी गाडी, ती आम्हाला सोडून परत गेलेली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. पहिल्या रात्री साडेअकराच्या सुमाराला एक जण तंबूतून बाहेर आला, बूट चढवले, नाड्या दुहेरी गाठीने बांधल्या आणि म्हणाला, "मला जायचंय." मी म्हणालो, "सकाळी बघू." वीस मिनिटांनी त्याची जागा रिकामी होती. पहाटे चारला तो डांबरी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसलेला सापडला. सुखरूप होता, पण त्यानंतर तो कुठल्याच गटात आला नाही. खोलीत शिरताना आधी दार कुठे आहे हे बघायची ज्याला वर्षानुवर्षांची सवय, त्याला मी दारच नसलेल्या जागी नेऊन बसवलं होतं.

आता माणसं. सहा ते आठ पुरेत, त्याहून जास्त नकोत. पुढारी दोन, दोघंही वर्दीतून आलेले. डॉक्टर सोबत असला तर उत्तमच, पण गटाचा कणा सोबत्यांचाच हवा. १९७० च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक आपापसांत गोल करून बोलायला बसू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, ते ऐकायला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी (युद्धासारख्या भीषण अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) हे नाव आलं १९८० मध्ये, आणि त्यामागे या बैठकांचा मोठा वाटा आहे. म्हणून 'आम्ही काय डॉक्टर आहोत का' असं म्हणून मागे सरू नका. तसंच डॉक्टर असल्याचा आवही आणू नका.

निघायच्या दोन आठवडे आधी प्रत्येकाशी एकट्याने बोला. झोप कशी आहे, दारू किती, घरी कोण आहे, आणि जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो, आणि कसं करायचं तेही ठरलंय' असं आलं तर सहल त्याच्यासाठी नाही. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी उपचारांपर्यंत पोचवा. गटात बोललेलं गटातच राहील, पण जिवाला धोका दिसला तर राहणार नाही, हे याच भेटीत सांगून ठेवा. आणि याच भेटीत दुसऱ्या गाडीबद्दल सांगा. गाडी आहे हे त्याला घरी असतानाच कळलेलं हवं. रानात गेल्यावर सांगितलं तर त्याला वाटतं, आपल्यालाच उद्देशून बोलतायत.

औषधांची यादी लिहून घ्या, इथे आळस करू नका. लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध. ते घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीनेही ते वाढतं, आणि गुडघा दुखला की प्रथमोपचाराच्या पेटीतून नेमकी तीच गोळी दिली जाते. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन घेणारा रात्री झटकन उठला तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. काही मानसिक औषधांनी घाम कमी येतो, म्हणून भर उन्हातली चाल टाळा. गोळ्या दोन दिवसांच्या नव्हे, चार दिवसांच्या घ्या. दारू नाही, शस्त्र नाही. यावर वाद घालत बसू नका.

जागा स्वतः जाऊन बघा, तीही रात्री. जवळ खाणीत सुरुंग लागतात का, शिकारीचा मोसम आहे का, फटाके उडतील असा दिवस आहे का, डिझेलवर चालणारा जनरेटर आहे का. डिझेलचा वास काहींना एका क्षणात कुठल्या कुठे नेतो. वाट अशी निवडा की दोघं शेजारी-शेजारी चालू शकतील. समोरासमोर बसून जो तासभर गप्प राहतो, तो खांद्याला खांदा लावून चालताना दहा मिनिटांत बोलतो, कारण नजर वाटेवर असते. अर्ल शेफर हा अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धाहून परतला तेव्हा जिवलग मित्र इवो जिमा या जपानी बेटावरच्या लढाईत गमावलेला होता. युद्ध अंगातून चालून काढायचं म्हणून १९४८ मध्ये त्याने अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलची ३,००० किलोमीटरहून लांब डोंगरवाट तुडवली. तो एकटा चालला. आपण एकट्याला चालू देत नाही, फक्त चालणं तेवढं त्याच्याकडून घेतो.

गाडीचं पुन्हा सांगतो. टाकी भरलेली, तोंड रस्त्याकडे, मागे दुसरी गाडी आडवी लावलेली नको. चालकाने चढाला जायचं नाही, त्याने पुरेशी झोप घेतलेली असावी. आणि जाणाऱ्याला निरोपाची भाषणं नकोत, 'थोडं थांबून बघ' नको. गाडी आहे म्हटल्यावर बहुतेक जण जातच नाहीत, पण त्या भरवशावर ती रद्द करू नका.

रात्री: झोपलेल्याला हात लावून उठवू नका. पायाच्या बाजूला, लांब उभं राहून नावाने हाक मारा. ज्याला पाठीमागे कोणी नको असेल त्याला कडेचा तंबू द्या. पाळीपाळीने कोणी जागं राहणार असेल तर राहू द्या, कोणीतरी जागं आहे या भरवशावर बाकीचे झोपतात.

शेकोटीभोवती बोलण्याची सक्ती नाही. लढाईच्या कहाण्यांची चढाओढ सुरू झाली तर विषय बदला.

परतताना कोण कोणाला फोन करणार याच्या जोड्या लावून द्या. पहिला फोन दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. घरी पोचल्यावर अचानक पोकळी जाणवते, ती साधारण तेव्हाच. पुढची तारीख तिथेच ठरवा. तंबू वाळवून ठेवा.

आणि निघायच्या दिवशी सकाळी, सगळे बसल्यावर, मोठ्याने विचारा: दुसऱ्या गाडीची किल्ली कोणाकडे आहे? त्याने ती काढून सगळ्यांना दाखवेपर्यंत निघू नका.