मिळून माळ घ्यायचा तर: येवल्याच्या हरणांशेजारची सामाईक जमीन

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेला, येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप फिरतात. ममदापूरला त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. अमेरिकेत नातेवाईक आणि मित्र पैसे एकत्र करून हरणांच्या शिकारीसाठी जमीन घेतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार हा गुन्हा आहे आणि त्याला किमान 3 वर्षांची कैद आहे. इथे मिळून जमीन घ्यायची ती हरणं चरताना बघायला, माळ राखायला. खरेदीचं गणित मात्र तेच राहतं: माणसं अनेक, सातबारा एक.

सगळ्यात आधी गटातला प्रत्येक जण कागदावर शेतकरी आहे का ते बघा. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सहापैकी दोघांकडे सातबारा नसेल, तर त्यांचे पैसे घालून जमीन चौघांच्या नावावर करायची, ही युक्ती हमखास कुणीतरी सुचवतं. ती करू नका. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं, म्हणजे बेनामी व्यवहार. त्यात मालमत्ता जप्त होते आणि 1 ते 7 वर्षं कैद होऊ शकते. शिवाय पैसे देणाऱ्याच्या हातात स्वतःच्या हिश्शाचा एकही कागद राहत नाही. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढूनही कलम 63 चुकत नाही. ज्यांच्याकडे सातबारा नाही, त्यांनी आधी परवानगी मिळवावी, नाहीतर खरेदीतून बाहेर राहावं.

मग क्षेत्राचा हिशोब. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये (100 आर म्हणजे 1 हेक्टर) असतं आणि बोलणी एकर-गुंठ्यांत होतात. 1 एकर म्हणजे 40 गुंठे, 1 हेक्टर म्हणजे 2.47 एकर. 2 हेक्टरांना ‘पाच एकर’ म्हणून भाव ठरवला, तर सव्वादोन गुंठ्यांहून जास्त जमिनीचे पैसे फुकट जातात. एकरी भाव ठरवा आणि त्याला सातबाऱ्यावरच्या क्षेत्राने गुणा. तुकडेबंदीचंही, म्हणजे ‘प्रमाणभूत क्षेत्रा’पेक्षा लहान तुकडे पाडायला असलेल्या बंदीचंही भान हवं. 2023 च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे आहे. पाच एकर जिरायत सहा जणांनी घेतली तर प्रत्येकी 33 गुंठे येतात आणि पुढे वाटणी करता येते. बारा जणांनी घेतली तर वाट्याला सतरा गुंठ्यांहूनही कमी येतात आणि वेगळा पोटहिस्सा पाडायला अडचण होते. म्हणून आधी माणसं मोजा आणि मग जमीन शोधा.

सातबारा हातात आला की तीन जागा वाचा. पहिली भूधारणा. ‘भोगवटादार वर्ग 2’ (विकण्यावर शासनाची बंधनं असलेली जमीन) असेल, तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ‘परवानगी नंतर काढू’ म्हणणाऱ्याला इसार देऊ नका. दुसरी जागा इतर हक्कांचा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, आदिवासी खातेदाराचा शेरा, खाजगी वनाची किंवा वन कायद्याच्या कलम 35 ची नोंद, सगळं याच रकान्यात लपलेलं असतं. माळ आणि डोंगरउताराच्या गटात वनाची नोंद खास शोधा. तिसरी जागा फेरफार क्रमांक. गोलातला प्रत्येक क्रमांक काढून वाचा, कारण वारसातून सुटलेली बहीण त्यातच सापडते. सही न केलेली एक बहीण दहा वर्षांनी दावा घेऊन उभी राहू शकते. शोध येवल्यापुरता न ठेवता त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, कळवणकडे वळलात तर आणखी सावध राहा. तिथे मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय जात नाही.

वकिलाकडून मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि मराठी दैनिकात जाहीर नोटीस द्या. भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत मिळवा, नंतरच साठेखताकडे (खरेदीखताआधीच्या विक्री कराराकडे) वळा. मोजणी मागे ठेवली की हमखास रस्त्यावर घोडं अडतं. नकाशावर पाणंद असते आणि जागेवर शेजाऱ्याचा कांदा उभा असतो. वाट नसेल तर तहसीलदारांकडे मागता येते, पण त्यात वर्षं जातात. विकणाऱ्यालाच वाट मोकळी करून द्यायला लावा आणि खरेदीखतात चतुःसीमेसोबत वाटेचा उल्लेख करून घ्या.

आता ज्यावरून मैत्री तुटते ती गोष्ट. खरेदीखतात नुसती सहा नावं ओळीने लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कुणी किती पैसे घातले याचा पुरावा नसेल, तर सगळ्यांचे हिस्से समान धरले जातात. आठ लाख घालणारा आणि तीन लाख घालणारा कागदावर सारखे होतात. प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत आणि आरमध्ये लिहा, आणि प्रत्येकाने विकणाऱ्याला आपापल्या खात्यातून पैसे द्यावेत. एकाने सगळ्यांचे गोळा करून भरले की पुरावा पुसला जातो. फेरफार होताना सातबाऱ्यावर प्रत्येक नावासमोर क्षेत्र येतंय ना, तेही बघा. नाहीतर सगळं ‘सामाईक’ म्हणून चढतं.

खरेदीखताबरोबरच आपसातला करार वेगळ्या स्टॅम्पवर करा. त्यात सगळ्यात जास्त वेळ बाहेर पडण्याच्या कलमावर घालवा. ‘कुणीही कधीही विकायचं नाही’ ही अट कोर्टात टिकत नाही. त्याऐवजी लिहा: विकणाऱ्याने आधी बाकीच्यांना लेखी विचारायचं, 60 दिवस थांबायचं, भाव दोन मूल्यांकनकारांच्या सरासरीने ठरवायचा आणि पैसे 12 महिन्यांत हप्त्यांनी द्यायचे. मुद्रांक शुल्क कोण भरणार तेही घाला. वडिलोपार्जित मिळकतीत भावाने भावाला हक्कसोड दिली तर 500 रुपयांच्या मुद्रांकावर काम होतं. मित्राने मित्राला दिली तर खरेदीखताइतकंच शुल्क लागतं, आणि हे आधी कळलेलं बरं. दर वर्षीची वर्गणी, ती थकली तर काय, पाहुणे किती आणायचे, बोअर घ्यायला किती जणांची संमती हवी, हे एका पानात मावतं. प्रत्येकाने मृत्युपत्र केलेलं असावं. नाहीतर एका पिढीत सहा नावांची वीस होतात आणि एका सहीसाठी पुणे, मुंबई, दुबई फिरावं लागतं.

नोंदणी दुय्यम निबंधकांकडे. मुद्रांक शुल्क ठरलेली रक्कम आणि बाजारमूल्य दर यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. पुढे तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार घेतो, 15 दिवस हरकतीसाठी असतात आणि मंडळ अधिकारी मंजूर करतो. नवा सातबारा हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

जमीन ताब्यात आली की ती तोंडी वाट्याने कुणाला कसायला देऊ नका. पुढे कुळाचा दावा उभा राहू शकतो. राखणदार ठेवलात तर लेखी ठेवा, पगार बँकेतून द्या आणि ई-पीक पाहणीत गवताची नोंद स्वतः करा.

हरणांसाठी मोठं बांधकाम लागत नाही. जुनी विहीर असेल तर पहिल्या महिन्यात तिला कठडा घाला. येवल्याच्या या भागात पाण्याच्या शोधात आलेली हरणं उघड्या विहिरीत पडतात, आणि रात्री पडलेलं पाडस सकाळपर्यंत जगेलच असं नाही. पाणवठा बशीसारखा उथळ करा, कडा उतरत्या ठेवा, म्हणजे पिल्लू आत गेलं तरी चालत बाहेर येतं. उभ्या भिंतीची सिमेंटची टाकी बांधलीत तर तिचीच विहीर होते. मारवेल, पवन्यासारखं गवत बी धरल्यावरच कापा, आणि तेही पट्ट्यापट्ट्याने, म्हणजे पिल्लांना लपायला आडोसा उरतो. काटेरी तारेत हरणं अडकून फाटतात, म्हणून बांधावर दगडी ताल पुरे. तारेत वीज सोडणं हा गुन्हा आहे. रात्रीचे दिवे आणि सोबत आणलेली कुत्री कराराच्या त्याच पानावर बंद करून टाका. जखमी जनावर दिसलं तर स्वतः हात न लावता वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. तो फोन नंबर सहाही जणांकडे आणि राखणदाराच्या खोलीच्या दारावर लिहिलेला असावा.