मॉसफेट तापतोय? आधी ड्रेन बघा

वायरलेस चार्जिंगचा ६.७८ मेगाहर्ट्झचा क्लास-ई अ‍ॅम्प्लिफायर गणिताप्रमाणे बांधला, तरी मॉसफेट (त्यातला स्विचसारखा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) चटका देतो? कॉइल गुंडाळत बसू नका.

१. रिसीव्हर कॉइल आणि लोड ठरल्या अंतरावर ठेवा. मोकळ्या कॉइलवर केलेलं ट्यूनिंग फुकट जातं.
२. सप्लायला करंट लिमिट लावून कमी व्होल्टेजवर सुरू करा.
३. ऑसिलोस्कोपचं एक चॅनेल गेटवर (मॉसफेट चालू-बंद करणारी पिन), दुसरं ड्रेनवर (सप्लायकडून करंट आत येतो ती पिन). प्रोब १०एक्सवर, ग्राउंडची लांब वायर काढून छोटी स्प्रिंग लावा. नाहीतर नसलेलं रिंगिंग (सिग्नलची थरथर) दिसतं.
४. गेट चालू होताना ड्रेनचं व्होल्टेज शून्यावर उतरलेलं नसेल तर मॉसफेट तापतो; शंट कपॅसिटर (ड्रेन ते ग्राउंड जोडलेला) कमी करा. आधीच उतरून सपाट झालं असेल तर वाढवा. प्रोबचे दहा-पंधरा पीएफ (पिकोफॅरड)ही यात धरा.

उद्यमनगरात आमच्या टेबलावर ४७ पीएफचा एकच कपॅसिटर उपसला आणि हीटसिंकवर बोट ठेवता आलं. दोन दिवस उगाच कॉइलला शिव्या घातल्या होत्या!

पूर्ण व्होल्टेजवर पुन्हा तपासा, कारण व्होल्टेज वाढलं की मॉसफेटची स्वतःची कपॅसिटन्स घटते. आणि जपून: ड्रेनचं शिखर सप्लायच्या साधारण ३.६ पट जातं. २४ व्होल्टला ८५च्या वर. लोड हलला की आणखी. १०० व्होल्टचा मॉसफेट लावू नका, १५०चा घ्या.