केस टाकली, केस चालू आहे, हे इंग्रजीत नीट कसं लिहायचं

इंग्रजी मेलमधे कोर्टाची भानगड सांगायची वेळ आली की शब्द सापडतात हो, घोळ होतो तो काळाचा. आपण सहज म्हणतो ‘2019 ला केस टाकली होती’, आणि त्या ‘होती’मुळे लगेच ‘हॅड फाइल्ड’ लिहून मोकळे होतो. साल किंवा तारीख दिलीये ना, मग साधा भूतकाळ, ‘वी फाइल्ड अ केस इन 2019’, बास. तारीख न देता नुसतं कळवायचंय की आम्ही कोर्टात गेलोय, तर ‘वी हॅव फाइल्ड अ केस’. ‘हॅड’ ठेवा दोन गोष्टींतली आधीची कुठली हे दाखवायला, म्हणजे त्याने पैसे दिले पण तोवर आपण तक्रार टाकून बसलो होतो, ‘बाय द टाइम ही पेड, वी हॅड ऑलरेडी फाइल्ड द कम्प्लेंट’.

केस अजून चालू असेल आणि ‘सिन्स’ लावणार असाल तर ‘इज पेंडिंग’ नाही, ‘हॅज बीन पेंडिंग सिन्स 2019’. हे ‘इज’वालं भल्याभल्यांच्या पत्रात दिसतं.

आता चेक बाउन्सचं घ्या, कारण त्यात सगळे काळ एकदम लागतात. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. नोटीस गेलीये आणि 15 दिवस अजून संपले नाहीत तर असं लिहा: ‘द चेक बाउन्स्ड ऑन 3 मार्च. वी सेंट हिम अ नोटीस ऑन 10 मार्च. ही हॅज नॉट पेड सो फार. इफ ही डझन्ट पे, वी विल फाइल अ कम्प्लेंट.’ मराठीत ‘दिले नाहीत तर’ म्हणतो म्हणून ‘इफ ही डिडन्ट पे’ लिहू नका, आणि ‘इफ’वाल्या भागात ‘विल’पण नको.

‘सू’ला (म्हणजे कुणावर दावा टाकणे) ‘ऑन’, ‘अगेन्स्ट’ काही लागत नाही, ‘दे सूड अस’ एवढंच (मराठीत वाचलं तर सूड वाटतं, तेही फार चूक नाही म्हणा). पण हे दिवाणी दाव्यासाठी, पोलीस केसला नाही. तिथे आपण एफआयआर ‘लॉज’ करतो, पोलीस ‘रजिस्टर’ करतात. पुढे ‘चार्ज्ड विथ’, ‘अक्यूज्ड ऑफ’, ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, सगळीकडे ‘फॉर’ चिकटवायचं नाही. आणि निकाल लागला नसेल तर ‘ही चीटेड अस’ असं ठोकून देऊ नका, ‘ही इज अक्यूज्ड ऑफ चीटिंग’ लिहा, नाहीतर तोच उलटा बदनामीचा दावा टाकायचा.