हलका तंबू, बेताच्या पैशात

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचे तंबू सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. परत आलेला तंबू सावलीत वाळवायचा, खुंट्या मोजून घ्यायच्या, मोडलेल्या काठीवर नळी चढवायची आणि पुढच्याला बजावून द्यायचा. त्यामुळे दुकानात नवा तंबू कसा दिसतो यापेक्षा दोन-तीन हंगाम वापरल्यावर त्याचं काय होतं, हे मला जास्त ठाऊक असतं. नवीन मुलं हमखास विचारतात, "ताई, हलका पण असावा आणि परवडला पण पाहिजे. कुठला घेऊ?"

नाव सांगून उपयोग नाही, मॉडेलं दरवर्षी बदलतात. वजन कमी करायच्या वाटा मात्र दोनच. एक, कापड बदलायचं. त्याला पैसा लागतो आणि शेवटच्या दोन-तीनशे ग्रॅमला तर फारच लागतो. दुसरी, बांधणी बदलायची: काठ्या कमी, दार एकच, माथा जरा बुटका. तिला पैसे कमी आणि सवय जास्त लागते. बजेट आखडतं असेल तर डोकं बांधणीवर चालवा, कापडाच्या नादी लागू नका.

आधी वजनाचा घोळ. बऱ्याच तंबूंवर वजनाचे दोन आकडे असतात. लहान आकडा म्हणजे आतला तंबू, बाहेरचं कव्हर आणि काठ्या, एवढंच. खुंट्या, दोऱ्या, पिशव्या त्यात धरलेल्या नसतात. मोठ्या आकड्यात सगळं येतं. जाहिरातीत ठळक कुठला छापतात, हे सांगायला नको. मी दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक नग वेगळा ठेवून मोजते आणि कागदावर लिहिते. मगच कळतं की कशाचं वजन खरंच तंबूचं आहे आणि कशाचं नुसतं सोबत आलेलं. सगळं धरून एकट्याचा तंबू दीड किलोच्या आत आणि दोघांचा दोन-सव्वादोन किलोपर्यंत मिळाला तर बेताच्या पैशात तो चांगलाच म्हणायचा. आणि दोघं जाणार असाल तर एकाने कापड उचलावं, दुसऱ्याने काठ्या-खुंट्या. माणशी एक किलोच्या आसपास पडतं. याहून स्वस्तातला हलकेपणा मला तरी माहीत नाही.

"दोन माणसांचा" या शब्दांवर जाऊ नका. त्याचा अर्थ दोन साध्या मॅट एकमेकींना चिकटून मावतात, इतकाच. साधी मॅट सुमारे 51 सेंटीमीटर रुंद, म्हणजे दोन मिळून 102. रुंद मॅट 64 ची, दोन झाल्या की 128. आता तंबूची रुंदी बघा, आणि ती डोक्याकडची आणि पायाकडची अशी दोन्हीकडची बघा. हलके तंबू पायाकडे निमुळते असतात. डोक्याकडे 130 असेल तर पायाकडे 110 च निघते आणि रुंद मॅट एकमेकींवर चढतात. लांबी स्वतःच्या उंचीपेक्षा निदान 30 सेंटीमीटर जास्त हवी, कारण भिंती तिरक्या असतात. उंच माणसाच्या स्लीपिंग बॅगचं टोक रात्रभर ओल्या कापडाला टेकून राहतं आणि सकाळी पाय गारठलेले. माथ्याची उंची ठरवायला भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसा, डोक्यापर्यंत माप घ्या, त्यात मॅटची जाडी आणि वर चार बोटं मिळवा. छापलेली उंची तंबूतल्या एकाच बिंदूची असते, दोघांनी एकदम बसायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

आता बांधणी. दोन काठ्या एकमेकींवरून जाणारा घुमट आपला आपण उभा राहतो. खडकावर लावा, लाकडी ओट्यावर लावा, उचलून दोन हात बाजूला सरकवा, त्याची तक्रार नसते. (वाऱ्यात मात्र त्यालाही खुंट्या लागतात. रिकामा घुमट वाऱ्यावर घरंगळत जाताना लोक त्याच्यामागे कसे धावतात, ते मी पाहिलेलं आहे.) दुसरा प्रकार म्हणजे ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा. तुम्ही चालताना काठ्या वापरतच असाल, तर तंबूच्या वेगळ्या काठ्यांचे तीन-चारशे ग्रॅम सरळ वाचतात आणि किंमतही उतरते. पैसे न घालता वजन कमी करायची वाट ती हीच. पण तिच्या अटी आहेत. सगळा ताण खुंट्यांवर असल्यामुळे जमीन धरणारी हवी. खडकाळ जागी दोरीचा फास एका लहान दगडाभोवती घालून त्याच्यापुढे मोठा दगड रेटायचा, वाळूत पिशवी वाळूने भरून पुरायची. हे अंधारात, थकलेल्या हातांनी जमलं पाहिजे. शिवाय तंबू मुक्कामाला ठेवून माथ्यावर जाऊन यायचं असेल तर काठ्या कुठे राहणार, तंबूत की हातात? हे निघायच्या आधी ठरवा.

पदर एक की दोन, म्हणजे नुसतं बाहेरचं कापड की त्याच्या आत जाळीचा वेगळा तंबूही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या "तंबू गळतो" या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी गळतीच्या नसतातच. रात्री कापड उघड्या आभाळाखाली गार पडतं आणि आपल्या श्वासातली वाफ त्याला आतून लागून पाणी होते. ओळखायची रीत सोपी. सकाळी टॉर्च तिरका धरून कव्हर आतून बघा. बारीक थेंब सगळ्या कापडावर सारखे पसरलेले असतील तर तो दमटपणा. शिवणीच्या रेषेवर थेंबांची माळ असेल, किंवा एका जागेवरून ओघळ आला असेल, तर ती गळती. दोन पदरी तंबूत ते पाणी जाळीच्या बाहेर राहतं. एकपदरी तंबू हलका आणि स्वस्त, पण कूस बदलताना खांदा त्या ओल्या कापडाला लागतो. कोरड्या हवेत जाणार असाल तर खुशाल घ्या. दमट हवेत जाणार असाल तर दोन पदरीच घ्या, तीनशे ग्रॅम जास्त उचलावे लागले तरी. आणि कुठलाही तंबू असो, झरोके उघडे ठेवा, पाणवठ्यालगतच्या खोलगट जागा टाळा. झाडाखाली लावलेला तंबू उघड्यावरच्यापेक्षा कोरडा राहतो, फक्त वर वाळकी फांदी लटकत नाही ना ते बघा.

कापडाबद्दल थोडक्यात. नायलॉन मजबूत असतं, पण भिजलं की सैलावतं. रात्री एकदा उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर फारसं ताणत नाही, उन्हातही जरा जास्त टिकतं आणि बहुधा स्वस्त असतं. मी बेताच्या बजेटला पॉलिएस्टरच सुचवते. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 20 च्या आसपासचं कापड हलक्या तंबूला पुरतं, मात्र काटेरी जागी जपावं लागतं. पाणी अडवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे किती उंच पाण्याचा दाब कापड गळू न देता सोसतं ते. कव्हरला 1500 भरपूर झाला. तळाला गुडघ्याचा दाब येतो, म्हणून तिथे दुप्पट असला तर बरं. 5000 बघून हुरळू नका, त्या जाड लेपाचं वजनही तुम्हालाच वाहायचं आहे. डायनीमा नावाच्या मजबूत धाग्याच्या कापडाचे तंबू फार हलके असतात, ताणतही नाहीत, पण किंमत बघून आपण पुढे जायचं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेल्या कापडावर शिवणीची टेप चिकटत नाही. तिथे शिवणी सिलिकॉनच्या सीलरने स्वतः भराव्या लागतात. हे काम दुकानाने केलंय की तुम्ही करायचं, ते विचारून घ्या.

काटकसर कुठे नको, तर काठ्यांमध्ये. फायबरग्लासची काठी जड असते आणि मोडताना उभी चिरते. तिच्या कुसा बोटात गेल्या की दोन दिवस सलतात, आणि त्याच कुसा कापडही फाडतात. अ‍ॅल्युमिनियम बहुधा आधी वाकतं, म्हणजे सावध करतं. दुरुस्तीची छोटी नळी सोबत आलीय का बघा. काठी वाकली की ती नळी त्या जागेवर सरकवायची, दोन्ही टोकांना टेप गुंडाळायची, उरलेली वाट निभावते.

स्वस्त तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या पहिल्याच कडक जमिनीत वाकतात. त्या बदलून वाय आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या, एकेक दहा-पंधरा ग्रॅमची असते. तंबूपेक्षा खुंट्या बदलणं केव्हाही स्वस्त. कंपनीची ग्राउंडशीट घेऊ नका, दोनशे ग्रॅम उगाच. पातळ प्लास्टिक तळापेक्षा चहूकडून पाच सेंटीमीटर लहान कापून घाला. मोठं ठेवलंत तर कव्हरवरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं. काठ्यांची, खुंट्यांची वेगळी पिशवी घरी राहू दे. वाऱ्याच्या दोऱ्या मात्र कधीही घरी ठेवू नका, कितीही हलकं व्हायचं असलं तरी.

जुना तंबू मिळत असेल तर जरूर बघा, पण घडी उलगडल्याशिवाय पैसे देऊ नका. आतल्या लेपावर तळवा दाबा. चिकट लागला, आंबूस वास आला किंवा पापुद्रे निघाले, तर लेप संपला. तो तंबू फुकट दिला तरी घेऊ नये. झिप वळणावर पुढे-मागे ओढा. नुसती सरक सैल झाली असेल तर ती बदलता येते, दातेच गेले असतील तर राहू द्या. काठ्यांच्या आतलं रबर मेलं असेल तर त्यावर भाव पाडून घ्या, नवं ओवणं तासाभराचं काम आहे.

नवा घेतलात तर परत करायची मुदत संपायच्या आत तो अंगणात किंवा गच्चीवर एकदा उभा करा. कव्हर आणि आतली जाळी यांच्यामध्ये सगळीकडे तळहात सरळ गेला पाहिजे. आपली मॅट आणि सॅक आत टाकून झोपून बघा, दार आतून बंद करून बघा. मग शिलाईच्या टिपा तपासा, दोऱ्यांच्या पट्ट्या कापडाला जिथे शिवल्यात तिथे जरा जोर लावून ओढा. हे सगळं झाल्यावर, परत करायचा नाही हे नक्की असेल तरच, पाण्याची नळी धरा. ओला झालेला तंबू दुकानदार परत घेत नाही.