पोनी सोडून क्लॅम धरताना

सहा वर्षं मी चामडं पोनीवरच शिवलं; पोनी म्हणजे हाताने शिवताना चामडं जबड्यात धरून ठेवणारा लाकडी शिकंजा. फळी मांडीखाली, जबडा समोर सरळ उभा. पाकिटांना ठीक, पण बॅगेचा पट्टा शिवायला घेतला की उजवा खांदा भरून यायचा. म्हणून टिंबर मार्केटमधून ४ मिमी प्लायच्या पट्ट्या आणून लांब, बाकदार क्लॅम, म्हणजे मांड्यांत धरायची लाकडी पकड, बनवला. (बायको म्हणाली, हा चिमटा की वल्हं?)

आधी बसायचं शिका. क्लॅमचं खालचं टोक उजव्या पावलाशी, जबडा डाव्या मांडीवरून डावीकडे कललेला, उजवा पाय वरून दाबून. खुर्ची बुटकी हवी. जबडा छातीपर्यंत यावा; लांबी स्वतःच्या खुर्चीवर बसूनच मापा, दुसऱ्याचं माप कामाचं नाही.

खरी गोची आरीची, म्हणजे चामड्याला भोक पाडायच्या टोच्याची. चामडं आता कललेलं असतं, आणि हात मात्र जुन्या सवयीने आडवाच जातो. पुढची शिवण देखणी, मागची नागमोडी! माझा पहिला पट्टा असाच वाया गेला. आरी जमिनीला नव्हे, चामड्याला काटकोनात धरा. फायदा असा की उजवी बाजू वर वळल्यामुळे टोक कुठे टेकतंय ते मान न वाकवता दिसतं.

जबड्याला आतून मऊ चामडं चिकटवा, नाहीतर वळ उठतात. शिवणीची रेघ जबड्याच्या ३-४ मिमी वर ठेवा. जास्त वर गेली की चामडं आरीखाली लवतं.

पहिले चार दिवस रद्दी तुकड्यांवरच शिवा. पोनी मात्र मी टाकलेली नाही, छोट्या कार्डहोल्डरला अजून तीच.