एचडी बॉक्ससाठी घासाघीस करताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत साताऱ्यात, गोडोलीतल्या घरी ४३ इंची टीव्ही आला आणि दुसऱ्याच दिवशी आईनं विचारलं, "जुन्यापेक्षा हे चित्र धुरकट का रे दिसतंय?" टीव्हीचा दोष नव्हता. जुन्या एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणलं की ते तसंच दिसणार. डीटीएच कंपनीला फोन लावला. एचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या बॉक्सचे १,४९९ सांगितले, मी पाऊण तास डोकं खाऊन ९९९ वर आणले. त्या खुशीत राजवाड्यावरून येताना कंदी पेढेही आणले. पुढच्या रिचार्जला कळलं की २५५ चा पॅक ३६५ चा झालाय. महिन्याला ११० जास्त, म्हणजे वर्षाला १,३२०. बॉक्सवर वाचवले ५००.

त्यानंतर आत्याचा, समोरच्या काकांचा, असे दोन-तीन बॉक्स बदलून द्यायचं काम आपोआप माझ्याकडेच आलं. त्यात ज्या चुका झाल्या आणि ज्या होता होता राहिल्या, त्या इथे लिहितोय.

बॉक्सवर भांडायचं आणि पॅक विसरायचा

ही सगळ्यात महाग चूक. बॉक्स एकदाच घ्यायचा असतो, पॅकचे पैसे दर महिन्याला जातात. म्हणून आधी बिल कशाचं बनतं ते बघा. त्यात तीन गोष्टी असतात: एनसीएफ म्हणजे कंपनीच्या जोडणीचं शुल्क, चॅनेलचे पैसे, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा एनसीएफ १०० चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये होता, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल द्यायचं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही कमाल मर्यादाच काढून टाकली आणि एनसीएफ किती घ्यायचा ते कंपन्यांवर सोडलं. बरेच लोक अजून "सरकारनं ठरवलेत १३०" म्हणून फोनवर वाद घालतात, तो वाद आता चालत नाही. पण याची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. एनसीएफ कंपनीच्या हातात असेल, तर तो कमी करणंही तिच्याच हातात आहे. चॅनेलची छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, त्याहून कमी घ्यायला कुणाची ना नाही. जीएसटीवर मात्र कुणीच काही करू शकत नाही, त्यावर शब्द वाया घालवू नका.

प्रश्न एकच विचारायचा: "जीएसटी धरून, पुढच्या महिन्यापासून मला रिचार्जला किती लागतील?" फोनवरचा माणूस ३०० म्हणतो आणि खात्यातून ३५४ जातात, ते या प्रश्नाअभावीच.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती. एचडी पॅक चढवताना जुना एसडी पॅक काढलाच नव्हता. एकच मराठी चॅनेल एसडीत आणि एचडीत, दोन्हीचे पैसे चालू. ११० मधले निम्मे तर तिथेच जात होते. चॅनेलची यादी मागवून घ्या आणि जोड्या शोधा. आईला रोज लागणारी चार-पाच चॅनेल एचडीत ठेवली, बाकीची एसडीत, तरी तिला काही फरक पडला नाही. बातम्या एचडीत बघून बातमी काही चांगली होत नाही.

शेजाऱ्याचा आकडा पुढे करायचा

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, बघणाऱ्यांना त्यातला आकडा कळत नाही. डीटीएचच्या ऑफरही तशाच असतात. प्रत्येक ग्राहकाच्या नंबरवर वेगळी ऑफर लागलेली असते. "काकांना ७९९ ला दिला, मला का नाही?" म्हटलं की पलीकडचा माणूस फक्त "सॉरी सर" म्हणतो, कारण त्याच्या पडद्यावर काकांची ऑफर नसतेच. त्याऐवजी "माझ्या नंबरवर आत्ता कोणकोणत्या ऑफर दिसतायत, सगळ्या वाचून दाखवा" असं म्हणा. पहिली ऐकून लगेच हो म्हणू नका. आत्याच्या वेळी तिसरी ऑफर सगळ्यात बरी निघाली आणि ती त्यानं विचारल्याशिवाय सांगितली नव्हती.

"पोर्ट करून टाकतो" अशी धमकी

मोबाइलसारखं पोर्टिंग डीटीएचला नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, आणि छत्रीची दिशाही बदलावी लागते, कारण कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत. फोनवरच्या माणसाला हे पाठ असतं, त्यामुळे ही धमकी हसण्यावारी जाते.

चालतं ते साधं बोलणं. आत्याच्या फोनवर मी म्हटलं, "आत्या एकटी असते, तिला बिल जास्त होतंय. डीडी फ्री डिश लावून द्यायचं म्हणतोय, महिन्याचे पैसेच नाहीत. कनेक्शन बंद करायची रीत सांगा." खोटं काहीच नव्हतं, खरंच तो विचार चालला होता. कनेक्शन बंद करायचा विषय निघाला की बहुतेक वेळा फोन दुसऱ्या विभागाकडे जातो, आणि तिथल्या माणसाकडे देण्यासारखं जास्त असतं. पण बंद करायची खरंच तयारी नसेल तर हे बोलू नका. एकदा "बरं, बंद करतो" म्हणाले की पंचाईत होते.

बॉक्स बसवायला येणाऱ्या मुलाशी मात्र भाव करू नका. त्याच्या हातात पॅक नसतो.

अपग्रेड मागितलं आणि नवं कनेक्शन मिळालं

हे काकांच्या बाबतीत झालं. दुकानदारानं "नवीनच घ्या, स्वस्त पडतंय" म्हटलं, आणि पडलंही स्वस्त, कारण नव्या गिऱ्हाइकाला ऑफर चांगली असते. पण जुन्या नंबरवर भरलेले ६०० रुपये तिकडेच राहिले. नवं कनेक्शन घ्यायला हरकत नाही. जुनी शिल्लक संपवून मग घ्या, आणि बॉक्स आपल्या मालकीचा आहे की भाड्याचा, ते पावतीवर बघा.

बॉक्स आला, चित्र तेच

सगळ्यात जास्त फोन मला याचेच येतात. आधी टीव्हीच्या मागची वायर बघा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जुनी वायर लावली असेल तर एचडी बॉक्स असूनही चित्र एसडीच येणार. एचडीएमआय वायर हवी. ती बॉक्ससोबत मिळायला पाहिजे, ते फोनवरच ठरवून घ्या, नाहीतर बसवणारा वेगळे पैसे मागतो. मग रिमोटवरून टीव्हीचा सोर्स एचडीएमआयवर आहे का बघा. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा १०८०आय आहे का ते. आणि सगळं करून शेवटी आई जुन्याच एसडी चॅनेलचा नंबर दाबत असते, कारण तो तिला पाठ आहे. एचडीचा नंबर वेगळा असतो. तो मोठ्या अक्षरात लिहून रिमोटच्या पाठीवर चिकटवला, तेव्हा प्रश्न सुटला.

"एचडी बॉक्स घ्या, पावसात सिग्नल जाणार नाही" असं कुणी सांगितलं तर मान हलवून सोडून द्या. डीटीएचचे सिग्नल जोरदार पावसात अडतात, बॉक्स कुठलाही असो. जावळी-महाबळेश्वरकडच्या लोकांना हे सांगायला नको. पाऊस ओसरल्यावरही सिग्नल नसेल तर छत्री हलली का, समोर फांदी वाढली का, ते बघा. आमच्याकडे माकडं त्यावर बसतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे काही लोक किल्ल्याला दोष देतात, पण उपग्रह किल्ल्याच्या बराच वर असतो.

बोलणं झालं, पुरावा नाही

कबूल केलेली सवलत लागली नाही, तर तक्रार क्रमांकाशिवाय तुमचं कुणी ऐकत नाही. फोन ठेवण्याआधी तो मागा, आणि ठरलेले आकडे एसएमएसवर पाठवायला सांगा. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता येतं, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. मला १९१५ वर एकदाच फोन करावा लागला.

उलटा फोन आला तर मात्र सावध राहा. "तुमचा बॉक्स फुकटात एचडी करून देतो, फक्त ओटीपी सांगा" म्हणणारा कंपनीचा नसतो. कस्टमर केअरचा नंबरही नेटवर शोधू नका, बॉक्सच्या चॅनेलवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो तोच घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आत्याला शेवटी बॉक्स ६९९ ला मिळाला, पॅक २७० वर थांबला, आणि सिनेमांचा एक जास्तीचा पॅक दोन महिने फुकट. तो तिसऱ्या महिन्यात आपणहून पैसे खायला लागतो. म्हणून तिच्या कालनिर्णयवर त्याच्या आदल्या दिवशी लाल पेनानं मी "चॅनेल काढणे" असं लिहून ठेवलंय.