इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा अभ्यास कसा करावा

भारतात कायद्याचे शिक्षण घेऊन इंग्लंडला गेलेला विद्यार्थी सवयीने आधी कलम शोधू लागतो आणि तिथेच अडतो, कारण भारतीय न्याय संहितेसारखी एकच फौजदारी संहिता तिथे नाही. चोरीची व्याख्या १९६८च्या थेफ्ट ॲक्टमध्ये मिळते, दुखापतीचे अनेक गुन्हे आजही १८६१च्या कायद्याखाली चालतात, आणि खुनाची व्याख्या तर कोणत्याच कायद्यात नाही. ती न्यायालयांच्या निकालांतून घडत आली आहे. म्हणून मूळ निकाल वाचण्याला पर्याय नाही.

सुरुवातीला वूलिनचा १९९८चा निकाल घ्यावा. रागाच्या भरात बापाने तीन महिन्यांच्या मुलाला कठीण पृष्ठभागावर फेकले, कवटी फुटून मूल दगावले. त्याला ठार मारायचे होते असे सरकार पक्षाचेही म्हणणे नव्हते. गंभीर इजेचा ‘मोठा धोका’ आरोपीला कळला असेल तर हेतू मानता येईल, असे खालच्या न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले होते. तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते चूक ठरवले, इजा ‘जवळजवळ अटळ’ असल्याची जाणीव हवी असे म्हटले आणि खुनाऐवजी मॅन्सलॉटरचा म्हणजे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कायम केला. वाचताना या दोन शब्दप्रयोगांखाली रेघ ओढावी, कारण सारा निकाल त्यांच्यातल्या अंतरावर उभा आहे. नुसती घटना पाठ करून परीक्षेत काही हाती लागत नाही.

उदाहरणावरचा प्रश्न सोडवताना प्रत्येक आरोपीचा प्रत्येक गुन्हा वेगळा घ्यावा. आधी ॲक्टस रेअस म्हणजे कृत्य व परिणाम, मग मेन्स रिआ म्हणजे मनोवस्था, आणि शेवटी बचाव. १९१०च्या व्हाइट खटल्यात मुलाने आईच्या पेयात सायनाइड मिसळले, पण ती हृदयक्रियेतील बिघाडाने वारली. हेतू असूनही मृत्यू त्याच्या कृत्यामुळे घडला नाही, म्हणून खुनाच्या प्रयत्नाचाच दोष सिद्ध झाला. हेतूपासून सुरुवात करणाऱ्याची इथे हमखास चूक होते.

आदल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या वह्या जपून वापराव्यात. चोरीतल्या अप्रामाणिकपणासाठी १९८२ची घोष कसोटी, म्हणजे कृत्य सामान्य माणसाच्या मते अप्रामाणिक होते का आणि ते तसे आहे हे आरोपीला कळत होते का हे दोन्ही पाहणारी कसोटी, अनेक जुन्या टिपणांत अजून आढळते. २०१७मध्ये आयव्ही खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती नाकारली आणि आरोपीला काय माहीत होते ते पाहून कृत्य सामान्य माणसाच्या मापाने जोखावे, असे म्हटले; मात्र तो खटला दिवाणी होता. फौजदारी खटल्यांतही नवीच कसोटी लागू होते, हे कोर्ट ऑफ अपीलने २०२०मध्ये बार्टन खटल्यात स्पष्ट केले. उत्तरात हे दोन्ही निकाल याच क्रमाने लिहावेत.